विद्यापीठाकडून कागद कसा मागायचा

माझी नोकरी एका अकृषी विद्यापीठात गेली. आधी आस्थापना, मग परीक्षा विभाग आणि निवृत्तीच्या आधीची वर्षं माहिती अधिकाराच्या टेबलावर. लोकांचे अर्ज माझ्याकडे यायचे आणि उत्तराचा मसुदा माझ्याकडून साहेबांकडे जायचा. कोणता अर्ज पाहून साहेब 'कळवून टाका, माहिती उपलब्ध नाही' म्हणायचे आणि कोणता वाचून निमूटपणे फाइल मागवायचे, हे चांगलं पाठ झालंय. आता ओळखीपाळखीची मुलं अर्ज दाखवायला येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहितेय.

सगळ्यात आधी, प्रश्न विचारणं सोडा. 'माझा निकाल का राखून ठेवला?', 'प्राध्यापक भरती कधी होणार?', 'या गोंधळाला जबाबदार कोण?' असल्या अर्जांची उत्तरं आमच्याकडे छापील असल्यासारखी तयार असायची: आपली मागणी प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने ती माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2(च) मधील 'माहिती'च्या व्याख्येत बसत नाही. राग येतो, पण हे उत्तर अपिलातही टिकतं. कार्यालयात जे आधीच कागदावर आहे तेवढंच द्यायचं, नव्याने तयार करायचं नाही, मत किंवा खुलासा द्यायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011मध्ये उत्तरपत्रिकांच्या निकालातच सांगून ठेवलंय.

म्हणून कागदाचं नाव घ्या. निकाल 'का' राखला हे विचारण्याऐवजी 'अमुक आसन क्रमांकाचा निकाल राखून ठेवण्याबाबतच्या टिपणीची, त्यावरील आदेशाची आणि महाविद्यालयाशी झालेल्या पत्रव्यवहाराची प्रत' मागा. विद्यापीठात पान हललं तरी टिपणी लिहिली जाते. ती टिपणी हातात आली की 'का'चं उत्तर तिच्यातच असतं, बहुतेक वेळा दुसऱ्या परिच्छेदात, 'सबब' या शब्दानंतर.

'का' विचारायची एक वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे. कलम 4(1)(घ) प्रमाणे ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम झाला, त्याला त्या निर्णयाची कारणं कळवणं हे कार्यालयाचं स्वतःचंच काम आहे. प्रवेश रद्द झाला, परीक्षा प्रमाद समितीने (परीक्षेतल्या गैरप्रकारांची चौकशी करणारी समिती) शिक्षा दिली, पीएचडीची नोंदणी रद्द झाली, तर हे कलम अर्जात लिहा. तिऱ्हाइताने लिहून मात्र उपयोग नाही.

अर्ज करण्याआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तासभर घालवा. कलम 4(1)(ख) खालची 17 मुद्द्यांची माहिती तिथे असायला हवी. पुष्कळदा ती जुनी असते, जन माहिती अधिकारी, म्हणजे अर्जाला उत्तर देणारा अधिकारी, म्हणून बदली होऊन गेलेल्या माणसाचं नाव असतं, पण कोणत्या विभागाकडे कोणतं काम आहे एवढं तरी त्यातून कळतं. अर्थसंकल्प, वार्षिक अहवाल, परिपत्रकं, काही ठिकाणी अधिसभेची (सिनेटची) इतिवृत्तंही तिथेच सापडतात. पीएचडीचा प्रबंध हवा असेल तर आधी शोधगंगा हा प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह बघा. कॉलेजात शिक्षक किती, ग्रंथालयावर खर्च किती, हे नॅकला, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला, दिलेल्या स्वयंअध्ययन अहवालात मिळतं आणि तो कॉलेजच्याच संकेतस्थळावर असतो. शिवाय कॉलेजने नॅकला जे सांगितलं ते आणि विद्यापीठाला जे सांगितलं ते शेजारीशेजारी ठेवून वाचणं हा एक वेगळाच उद्योग आहे. वेळ असेल तर जरूर करा.

कोणता कागद कोणाच्या कपाटात

'विद्यापीठाकडे' असं काही मागता येत नाही, मागावं लागतं विभागाकडे. बहुतेक विद्यापीठांत विभागवार जन माहिती अधिकारी नेमलेले असतात. चुकीच्या ठिकाणी अर्ज गेला तर कलम 6(3) प्रमाणे तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो, पण विभागाविभागांत अर्ज टोलवण्याची कला आमच्याकडे चांगलीच विकसित झालेली आहे. तुम्हीच नेमकं टेबल गाठलेलं बरं.

अधिसभा, व्यवस्थापन परिषद आणि विद्या परिषद यांचे सचिव कुलसचिव असतात, म्हणजे विषयपत्रिका आणि इतिवृत्त त्यांच्या सभा विभागात. अभ्यास मंडळांचे ठराव शैक्षणिक विभागात. उत्तरपत्रिका, निकाल, प्रमाद समिती हे सगळं परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांकडे. पैसा वित्त व लेखा अधिकाऱ्याकडे.

पैशाच्या बाबतीत 'एकूण खर्चाचा तपशील द्या' असं लिहू नका, कारण तसा एक कागद नसतो आणि 'संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' हे उत्तर ठरलेलं. खरेदीच्या फाइलीत काय काय असतं ते माहीत करून घ्या: मागणीपत्र, निविदा सूचना, आलेल्या दरांचा तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीचं इतिवृत्त, पुरवठा आदेश, देयक आणि शेवटी साठा नोंदवहीतली नोंद. तुलनात्मक तक्ता आणि साठा नोंदवही, हे दोन कागद मी तुमच्या जागी असते तर आधी मागितले असते. पहिल्यात कळतं की तीन दरपत्रकं खरोखर तीन दुकानांची होती का. दुसऱ्यात कळतं की देयकावरचा माल दारातून आत आला का. लेखापरीक्षणातले आक्षेप आणि त्यावरचा अनुपालन अहवाल हीसुद्धा अशीच एक जोडी. लेखापरीक्षकाने जे आधीच शोधून ठेवलंय ते तुम्ही परत कशाला शोधायचं?

भरतीसाठी बिंदुनामावली मागा, म्हणजे कोणतं पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचं हे दाखवणारी नोंदवही. ती विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून, म्हणजे 'मावक'कडून, तपासून घेतलेली असते. विद्यापीठाने टाळाटाळ केली तर तिथेही अर्ज करता येतो. ही युक्ती सगळीकडे चालते. विद्यापीठाचा महत्त्वाचा कागद बहुधा आणखी एका कार्यालयात असतोच: विभागीय सहसंचालक, पुण्याचं उच्च शिक्षण संचालनालय किंवा मंत्रालयातला उच्च व तंत्रशिक्षण विभाग.

कॉलेजचं काय? अनुदानित महाविद्यालय स्वतःच या कायद्याखाली येतं. सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात चालणाऱ्या खाजगी संस्थाही सार्वजनिक प्राधिकरण ठरतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019मध्ये एका कॉलेज ट्रस्टच्याच प्रकरणात ठरवलं. विनाअनुदानित कॉलेज 'आम्हाला कायदा लागू नाही' म्हणालं तर वाद घालत बसू नका, त्याची संलग्नीकरणाची फाइल विद्यापीठात मागा. तिच्यात स्थानिक चौकशी समितीचा अहवाल, शिक्षक मान्यतेची पत्रं आणि त्रुटीपूर्ततेचं हमीपत्र असतं. दरवर्षी दिलं जाणारं तेच ते हमीपत्र.

अर्ज

राज्य विद्यापीठांना महाराष्ट्राचे नियम लागू. नमुना 'जोडपत्र अ', शुल्क 10 रुपये. रोख भरा किंवा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवा. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडायची. एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांच्या आत, अशी दुरुस्ती 2012पासून आहे. लोक तिच्यावर चिडतात. माझ्या अनुभवाने तिचा अर्जदारालाच फायदा होतो. दोन पानी अर्जात एक सोपा मुद्दा उचलून त्याचं उत्तर द्यायचं आणि 'अर्ज निकाली' लिहायचं, ही आमची सोय तिने काढून घेतली. विषय तीन असतील तर तीन अर्ज करा, तीस रुपये जातील.

वर्ध्याचं हिंदी विद्यापीठ किंवा पवईची आयआयटी या केंद्राच्या संस्था. तिथे केंद्राचे नियम, पोस्टल ऑर्डर चालते, मर्यादा 500 शब्दांची आणि दुसरं अपील दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे.

अर्ज स्वतःच्या नावाने करा. 'अध्यक्ष, अमुक विद्यार्थी संघटना' अशी सही दिसली की कलम 3 पुढे करायला निमित्त मिळतं, कारण हक्क नागरिकाला आहे. माहिती कशासाठी हवी ते लिहू नका. कलम 6(2) प्रमाणे ते कोणी विचारूही शकत नाही. आणि कृपा करून 'जीविताचा प्रश्न, 48 तासांत द्या' असं निकालासाठी लिहू नका. साहेबांना तेवढंच हसायला होतं.

एक नमुना देते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 प्रमाणे परीक्षेचा निकाल 30 दिवसांत लावायचा प्रयत्न करायचा आणि काही झालं तरी 45 दिवसांत लावायचाच. नाही जमलं तर विलंबाच्या कारणांचा सविस्तर अहवाल कुलपतींना आणि राज्य शासनाला पाठवावा लागतो. 2017च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाच्या ऑनलाइन मूल्यांकनाने निकाल महिनोन्‌महिने लांबले तेव्हा सगळे 'निकाल कधी' एवढंच विचारत होते. निकाल रखडला की मागायचा कागद हा अहवाल आहे:

'माहितीचा विषय: पदवी परीक्षेच्या निकालास झालेला विलंब. कालावधी: परीक्षेच्या शेवटच्या दिवसापासून आजपर्यंत. माहितीचे वर्णन: (1) अमुक अभ्यासक्रमाच्या, अमुक सत्राच्या परीक्षेचा निकाल 45 दिवसांत जाहीर न झाल्याबाबत कुलपती व राज्य शासनास पाठवलेल्या अहवालाची प्रत, जावक क्रमांकासह. (2) त्यावर प्राप्त झालेल्या निर्देशांची प्रत. (3) असा अहवाल पाठवला नसल्यास तसे लेखी कळवावे. (4) या निकालाबाबतच्या टिपणी विभागाची प्रत.'

चौथ्या मुद्द्यातला 'टिपणी विभाग' म्हणजे फाइलीतला टिपण्यांचा भाग. तिसरा मुद्दा सोडू नका. अहवाल पाठवलेलाच नाही हे विद्यापीठाच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याने मिळणं म्हणजेही एक कागद मिळवणंच आहे. आणि 'जावक क्रमांकासह' हे दोन शब्द लिहिले की मागच्या तारखेने पत्र तयार करायचा मोह आवरतो, कारण जावक नोंदवहीत मधली ओळ रिकामी नसते.

अर्ज हाताने देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. टपालाने पाठवलात तर पोचीचा पुरावा जपून ठेवा. उत्तराची 30 दिवसांची मुदत अर्ज पोचल्यापासून मोजतात. प्रतींचं शुल्क भरायला सांगणारं पत्र आलं तर तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस धरले जात नाहीत, म्हणून ते लगेच भरा. दर पानाला 2 रुपये. मुदत उलटून गेल्यावर पैसे मागितले तर कलम 7(6) दाखवा, तेव्हा माहिती फुकट द्यावी लागते.

उत्तरपत्रिका

याबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. 2011च्या आदित्य बंदोपाध्याय प्रकरणापासून स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा आणि तिची प्रत घेण्याचा हक्क पक्का आहे. परीक्षकाचं नाव मात्र मिळत नाही, ते झाकून प्रत देतात. विद्यापीठाची स्वतःची छायाप्रत योजना असते आणि तिचं शुल्क जास्त असतं. 'आमच्या योजनेतूनच घ्या' असं सांगितलं तर कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेविरुद्धच्या खटल्यातला 2019चा निकाल लक्षात ठेवा: दोन्ही वाटा खुल्या आहेत आणि माहिती अधिकारातून मागितलं तर दरही माहिती अधिकाराचाच.

पण इथे पैशांपेक्षा तारखा महत्त्वाच्या. पुनर्मूल्यांकनाची मुदत थोड्या दिवसांची असते आणि माहिती अधिकाराला महिना लागतो. गुण वाढवून हवे असतील तर जास्त पैसे भरून विद्यापीठाच्या योजनेतूनच छायाप्रत घ्या. मुदत टळली असेल किंवा आतल्या पानांची बेरीज आणि मुखपृष्ठावरचे गुण जुळतात का एवढंच पडताळायचं असेल तर 10 रुपयांची वाट धरा. तीही लवकर. उत्तरपत्रिका ठरावीक काळानंतर रद्दीत जातात आणि एकदा नियमाप्रमाणे गेल्या की आयोगही त्या परत आणून देऊ शकत नाही.

फाइल बघायला जा

मला विचाराल तर प्रतींपेक्षा निरीक्षण मागा. पहिला तास मोफत असतो, नंतर नाममात्र शुल्क. 'माहिती विपुल आहे, मनुष्यबळ अपुरे आहे' असं कलम 7(9)चं उत्तर देता येत नाही, कारण पानं तुम्हीच उलटणार असता.

एकदा एक बाई मुलीच्या कॉलेजची संलग्नीकरणाची फाइल बघायला आल्या होत्या. मी फाइल समोर ठेवली. त्यांनी आधी पानांवरचे क्रमांक पाहिले, टिपणी विभागाचे वेगळे आणि पत्रव्यवहार विभागाचे वेगळे, आणि वहीत दोन्हींचा शेवटचा आकडा लिहून घेतला. मग लागोपाठच्या दोन वर्षांचे स्थानिक चौकशी समितीचे अहवाल शेजारी ठेवले. प्रयोगशाळेपुढे दोन्हीकडे 'समाधानकारक', ग्रंथसंख्या दोन्हीकडे तीच, आणि दुसऱ्या वर्षीच्या अहवालात पाहणीची तारीख रविवारची. बाई काही बोलल्या नाहीत. हव्या असलेल्या पानांचे क्रमांक एका कागदावर लिहिले, तेवढ्याच पानांच्या साक्षांकित प्रती मागितल्या आणि खाली माझ्याकडून पोच घेतली. साहेबांनी दुपारी विचारलं, 'वकील होत्या का?' नव्हत्या.

पानांचे शेवटचे आकडे लिहून घेणं ही नक्कल करण्यासारखी गोष्ट आहे. नंतर फाइल बारीक झाली तर कळतं. सोबत कोणाला न्यायचं असेल तर आधी कळवा. टिपणीवर दोन अधिकाऱ्यांचे वेगळे अभिप्राय असतील तर ते पान सोडू नका. खालच्याने 'नियमात बसत नाही' लिहिलेलं असतं आणि वरच्याने एका ओळीत 'विशेष बाब म्हणून मान्य' केलेलं असतं.

नकार आल्यावर

नकारपत्रात कलम, कारण आणि अपील कोणाकडे करायचं हे लिहावंच लागतं. नुसतं 'माहिती देता येत नाही' हा नकार कच्चा असतो. 'फाइल सापडत नाही' हे तर कलम 8मधलं, म्हणजे माहिती नाकारायला कायद्याने दिलेलं, कारणच नाही. त्यावर शोध घेतल्याचा लेखी अहवाल मागा आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005चा उल्लेख करा. त्या कायद्याचं नाव वाचल्यावर फायली सापडलेल्या मी पाहिल्यात. एकदा तर त्याच दिवशी, त्याच कपाटात.

खरा अडसर आहे कलम 8(1)(ञ), बोलण्यात 'आठ एक जे', म्हणजे व्यक्तिगत माहिती. पूर्वी या कलमात सार्वजनिक कामाशी संबंध आणि व्यापक जनहित या अटी होत्या. 2023च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने त्या काढल्या आणि नोव्हेंबर 2025पासून हा बदल लागू झाला. निवड झालेल्या उमेदवारांचे गुण उघड करावेत असं मुंबई उच्च न्यायालयाने 2024मध्ये म्हटलं होतं, ते जुन्या शब्दांवर. आता प्राध्यापकाची पदवी, नियुक्ती, रजा, काहीही मागितलं की हेच कलम अंगावर येणार. माझं मत विचाराल तर हा बदल वाईट आहे, पण वाट अगदीच बंद नाही. कलम 8(2) तसंच आहे: जनहित मोठं असेल तर सूट दिलेली माहितीही देता येते. ते जनहित काय, हे अर्जातच एका वाक्यात लिहा. कलम 10 दाखवून नावं झाकून कागद मागा. 'श्री. अमुक यांची गुणपत्रिका' असं न म्हणता 'अमुक जाहिरातीतील अमुक पदाच्या निवड समितीचे इतिवृत्त व गुणतक्ता, नावे वगळून' असं लिहा. माणूस बाजूला ठेवा, पद धरा. स्वतःचे गुण मात्र बिनधास्त मागा, स्वतःची माहिती स्वतःपासून लपवता येत नाही.

पहिलं अपील नकार मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून 30 दिवसांत, 'जोडपत्र ब', 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ते विद्यापीठातल्याच वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जातं, म्हणून लोक ते औपचारिकता समजून उरकतात. तसं करू नका. सुनावणीला जन माहिती अधिकारी समोर बसलेला असतो आणि फाइल टेबलावर असते. अर्ध्या गोष्टी तिथेच सुटतात, कारण प्रकरण आयोगापर्यंत जावं असं कोणालाच वाटत नाही. अपिलात भाषण लिहू नका. मुद्दा 1ला काय मागितलं, काय मिळालं, काय राहिलं, असा तक्ता करा. निर्णय 30, फार तर 45 दिवसांत यायला हवा.

दुसरं अपील 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या तुमच्या विभागाच्या खंडपीठाकडे, 'जोडपत्र क', पुन्हा 20 रुपये. इथे प्रतीक्षा लांब असते, ती धरूनच चाला. कागद हवा असेल तर कलम 19(3)चं अपीलच करा. नुसत्या कलम 18च्या तक्रारीवर आयोग माहिती द्यायचा आदेश देऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मणिपूरच्या प्रकरणात 2011मध्ये स्पष्ट केलंय. दंड दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000, आणि तो अधिकाऱ्याच्या स्वतःच्या पगारातून जातो. अपिलात 'कलम 20 प्रमाणे कारवाई व्हावी' ही मागणी लिहायला विसरू नका.

सुनावणीच्या दिवशी अर्ज, पोच, उत्तर, पहिल्या अपिलाचा आदेश एवढेच कागद तारखेच्या क्रमाने लावून, पानांना क्रमांक घालून न्या. नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी कलम 19(5) प्रमाणे विद्यापीठावर आहे, तुमच्यावर नाही. त्यामुळे आयुक्तांनी 'बोला' म्हटल्यावर आधी एवढंच म्हणा: 'साहेब, माहिती कोणत्या कलमाखाली नाकारली ते त्यांना सांगू द्या.'